पाटण्याला काय काम होते?

पाटण्याला जाऊन आलो असे सांगितले की आपल्याकडे समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "काय काम होते?" जयपूर, म्हैसूर किंवा आग्र्याबद्दल असे कुणी विचारत नाही. तिथे माणूस पाहायला जातो हे गृहीत असते. पाटण्याला मात्र कामाशिवाय कुणी जात नाही, आणि गेलाच तर बोधगया, राजगीर, नालंदा करताना गाडी बदलण्यापुरता, अशी आपली पक्की समजूत आहे. मीही या समजुतीतलाच होतो. १९९३ साली बँकेने एका शाखेच्या तपासणीसाठी मला तीन आठवडे पाटण्याला पाठवले, तेव्हा मी अंदमानला निघालो आहे असे घरातल्यांचे चेहरे झाले होते. आईने देवापुढे नारळही ठेवला.

त्या तीन आठवड्यांतल्या एका रविवारी वेळ जात नव्हता म्हणून मी कुम्हरारला गेलो. रेल्वे स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर, जुन्या शहराच्या वाटेवर ही जागा आहे. चंद्रगुप्त मौर्याची आणि अशोकाची राजधानी पाटलिपुत्र इथे होती, हे शाळेत पाठ केलेले. मनात काहीतरी भव्य चित्र होते. प्रत्यक्षात एक बाग, बागेत एक मोठा खड्डा, खड्ड्यात हिरवे पाणी आणि त्या पाण्यातून डोके वर काढलेले दगडी खांबांचे बुंधे. जवळच एका छपराखाली एक लांबलचक गुळगुळीत खांब आडवा ठेवलेला. बाकी शेंगदाणे खाणारी दोन-चार कुटुंबे. राखणदाराला मी विचारले, "राजवाडा कुठे आहे?" तो शांतपणे म्हणाला, "नीचे पानी है साहब, और ऊपर भी पानी है। राजा कहाँ रहे?"

तपासणी अधिकाऱ्याची एक खोड असते. आधी तो वहीतला साठा पाहतो, मग गोदामात जाऊन पोती मोजतो. पाटलिपुत्राच्या बाबतीत वहीत प्रचंड साठा आणि गोदाम रिकामे, असा प्रकार मला दिसला. बँकेच्या भाषेत हे गंभीर प्रकरण असते. या विसंगतीने मला पुढची तीस वर्षे सोडले नाही. २०२५ च्या जानेवारीत मी पुन्हा पाटण्याला गेलो. या वेळी काहीच काम नव्हते. बरोबर सौ. होत्या आणि नुकताच सहावीचा इतिहास शिकलेली नात होती.

आधी वहीतला साठा सांगतो. अजातशत्रूने गंगेकाठच्या पाटलिग्रामाला तटबंदी केली आणि पुढे उदायीने मगधाची राजधानी राजगीरहून इथे आणली. नद्यांच्या संगमावरची ही जागा व्यापाराला सोयीची आणि शत्रूला अवघड होती. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीक वकील मेगॅस्थिनीस इथे राहून गेला. त्याच्या आधाराने पुढच्या ग्रीक लेखकांनी जे लिहून ठेवले, त्यानुसार नगराची लांबी ८० स्टेडिया, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर, आणि रुंदी १५ स्टेडिया, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. भोवती लाकडी तट, त्याला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे, आणि बाहेर खंदक. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या फाहियानने अशोकाच्या महालाचे दगडकाम पाहून हे माणसांचे काम नव्हे, भुताखेतांकडून करवून घेतलेले असावे, असे लिहिले. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा मात्र त्याला बव्हंशी अवशेषच दिसले. मधल्या काळात गुप्तांची सत्ताही इथून चालली. खंड धरूनही सुमारे हजार वर्षे एवढे महत्त्व टिकवलेली नगरे जगात मोजकीच निघतील.

मग हे सगळे गेले कुठे? एक कारण असे की मौर्यांचे पाटलिपुत्र बरेचसे लाकडाचे होते. दुसरे असे की गंगा आणि सोन या नद्यांनी त्यावर गाळाचे थर चढवले. आणि तिसरे कारण सर्वात मोठे आहे. पाटणा हे शहर कधी मेलेच नाही. हंपी ओस पडली म्हणून हंपी पाहायला मिळते. पाटण्यात जुन्यावर नवे बसत गेले. शेरशहाने ते पुन्हा नावारूपाला आणले, गुरू गोविंदसिंहांचा जन्म १६६६ साली इथे झाला, कंपनी सरकारने १७७० च्या दुष्काळानंतर धान्यासाठी गोलघर बांधले. अशोकाच्या नगरावर आज लोकांची घरे, दवाखाने, शिकवणीचे वर्ग आणि रेल्वेचे रूळ आहेत. ती हलवून उत्खनन करा असे कोण म्हणणार?

तरीही शोध घेणारे घेत राहिले. १८९२ च्या सुमारास वॅडेल नावाच्या डॉक्टराने पाटलिपुत्राची जागा निश्चित करण्याचा प्रयत्न केला. १९१३ साली कुम्हरारला स्पूनरने रीतसर उत्खनन सुरू केले, आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. या कामाला वर्षाला वीस हजार रुपये देऊ केले ते सर रतन टाटांनी, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या चिरंजीवांनी. कापडगिरण्या आणि पोलाद यांतून मिळालेला पैसा मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने मगधाच्या मातीत घातला, तोही परतफेडीची कुठलीही अपेक्षा नसताना. स्पूनरला एक जवळजवळ अखंड खांब आणि पंधरा-पंधरा फुटांच्या अंतराने उभ्या असलेल्या बहात्तर खांबांच्या खुणा सापडल्या.

पुढचा संबंध त्याहून जवळचा आहे. १९५१ ते १९५५ या काळात कुम्हरारचे दुसरे मोठे उत्खनन झाले ते डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांच्या नेतृत्वाखाली. कोल्हापूरकडचा हा माणूस. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकवून पाटण्याला आला आणि तिथल्या काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेचा संचालक झाला. प्राचीन शिक्षणपद्धती, स्त्रियांचे स्थान, राष्ट्रकूट, गुप्तांची नाणी यांवर त्यांनी केलेले काम आजही अभ्यासक वाचतात. त्यांच्या उत्खननात आणखी आठ खांबांच्या खुणा मिळाल्या आणि "ऐंशी खांबांचे सभागृह" हे नाव रूढ झाले. त्याच परिसरात आरोग्यविहाराचा उल्लेख असलेली मुद्राही सापडली, म्हणजे भिक्षुसंघाचे रुग्णालय इथे होते. पुढे वैशालीच्या स्तूपातला बुद्धाच्या अस्थींचा मानला जाणारा करंडकही त्यांच्याच पथकाला मिळाला. आपल्याकडे किती घरांत हे नाव ठाऊक आहे? मलाही ते १९९३ साली ठाऊक नव्हते. कुम्हरारच्या फलकावर वाचले आणि आडनाव आपल्याकडचे वाटले म्हणून थबकलो, एवढेच.

आता गेल्या वीस वर्षांकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. या काळात पाटण्याने आपल्या भूतकाळाबाबत चार वेगवेगळे निर्णय घेतले. एक पुरण्याचा, एक हलवण्याचा, एक पाडण्याचा आणि एक वळसा घालण्याचा.

पुरण्याचा निर्णय कुम्हरारचा. मी पाहिलेले ते हिरवे पाणी वाढत गेले. जमिनीखालचे पाणी वर येत होते, पावसाचे साचत होते आणि दोन हजार वर्षे कोरड्या मातीत सुरक्षित राहिलेला दगड पाण्यात कुजू लागला होता. अखेर २००४-०५ मध्ये पुरातत्त्व खात्याने वाळू आणि माती टाकून सगळे सभागृह पुन्हा बुजवले. त्या वेळी बातमी वाचून मला राग आला होता. सापडलेला इतिहास सरकारने गाडला, असे वाटले. आज तसे वाटत नाही. जे सांभाळता येत नाही ते मातीच्या स्वाधीन करणे हा जगभर मान्य असलेला उपाय आहे. माती फार जुनी आणि विश्वासू राखणदार आहे. २०२४ च्या डिसेंबरात खात्याने काही खांब पुन्हा उघडून पाहायला सुरुवात केली. भूजलाची पातळी खाली गेली असेल, तर हे सभागृह लोकांना पुन्हा दाखवता येईल का, हे तपासणे हा त्यामागचा हेतू. आम्ही गेलो तेव्हा दोरीपलीकडून ते काम दुरून दिसत होते. ते पाहून नातीने विचारले, "आजोबा, एवढंच?"

प्रश्न रास्त होता. अकरा वर्षांच्या मुलीला बुंधे दाखवून त्यांतून सम्राटाची सभा कशी दिसावी? त्यासाठी समजावून सांगणारे कुणीतरी लागते, एखादा चांगला नकाशा लागतो, खांब उभा असताना किती उंच असेल ते दाखवणारी एखादी प्रतिकृती लागते. या सगळ्याला काही शेकडो कोटी लागत नाहीत.

शेकडो कोटी लागले ते दुसऱ्या निर्णयाला. पाटणा संग्रहालय १९१७ सालचे. १९२९ पासून ते ज्या घुमटाच्या इमारतीत आहे तिला गावातले लोक 'जादूघर' म्हणतात. तिथे मी १९९३ साली दीदारगंजची यक्षी पाहिली होती. १९१७ साली गंगेच्या काठी सापडलेली, एकाच वालुकाश्मात कोरलेली, उजव्या हातात चवरी घेतलेली ही स्त्रीमूर्ती. तिच्या अंगावरची झिलई अशी की आत्ताच तेल लावून पुसली आहे असे वाटावे. ती मौर्यकाळातली की नंतरची, यावर विद्वानांचे एकमत नाही. तिचे त्यावाचून काही अडलेले नाही. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून जिवावर उदार होऊन आणलेल्या पोथ्या आणि चित्रपटही याच संग्रहालयाला दिलेले.

मग राज्य सरकारने बेली रोडवर नवे बिहार संग्रहालय उभारले. जपानचे नामवंत वास्तुरचनाकार फुमिहिको माकी यांची संस्था आणि मुंबईची ओपोलिस यांनी त्याचा आराखडा केला. तेरा एकरांहून अधिक जागा, सुमारे ५०० कोटींचा खर्च. त्याचा काही भाग २०१५ साली आणि संपूर्ण संग्रहालय २०१७ साली खुले झाले. १७६४ पर्यंतच्या, म्हणजे बक्सारच्या लढाईपर्यंतच्या निवडक वस्तू नव्या इमारतीत आणि त्यानंतरच्या जुन्या इमारतीत, अशी वाटणी ठरली. यक्षीही नव्या घरी गेली. इतिहासकारांनी आणि कलावंतांनी विरोध केला. शंभर वर्षे वाढलेला संग्रह असा तारखेची रेघ मारून तोडता येतो का, हा त्यांचा सवाल होता.

मीही मनात हा विरोध घेऊनच नव्या संग्रहालयात शिरलो. जुने जादूघर आम्ही गेलो तेव्हा नूतनीकरणासाठी बंद होते, त्यामुळे तुलना करायची ती आठवणीशीच. खोटे कशाला सांगू? नवे संग्रहालय उत्तम आहे. प्रकाश नेमका आहे, पाट्या वाचता येतात, बसायला जागा आहे, मुलांसाठी वेगळे दालन आहे. कुम्हरारला "एवढंच?" म्हणणारी आमची नात यक्षीसमोर पंधरा-वीस मिनिटे उभी राहिली. मग म्हणाली, "हिचा दुसरा हात कुठे गेला?" आम्हा दोघांनाही उत्तर देता आले नाही. तिने वहीत ते चित्र काढले आणि हरवलेल्या हातात स्वतःच्या मनाने एक फूल दिले.

मी मात्र जुन्या नाण्यांशी रेंगाळलो. मगधाची चांदीची आहत नाणी आपल्याकडच्या बँकवाल्यांनी एकदा तरी पाहायला हवीत. सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचा चांदीचा तुकडा, पुढच्या बाजूला सूर्य, टेकडी, वृक्ष अशी पाच चिन्हे ठोकलेली. मागच्या बाजूला अनेकदा बारीक-बारीक खुणा असतात. त्या सराफांनी नाणे तपासून मारलेल्या असाव्यात असे मानतात. म्हणजे बावीस-तेवीसशे वर्षांपूर्वीही कुणीतरी गल्ल्यावर बसून खरे-खोटे पाहत होता आणि आपली सही ठोकत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला 'रूपदर्शक' असे पदनामच आहे. छत्तीस वर्षे नोकरी करून मला इतके सुंदर पदनाम मिळाले नाही.

तिसरा निर्णय पाडण्याचा. गंगेकाठी पाटण्याची जुनी जिल्हा कचेरी होती. तिचा काही भाग डच व्यापाऱ्यांच्या काळातला. अॅटनबरोंच्या 'गांधी' चित्रपटातली काही दृश्ये इथे चित्रित झाली होती. नव्या बहुमजली कचेरीसाठी ही इमारत पाडायचे ठरले. 'इन्टॅक' ही वारसा जपणारी संस्था न्यायालयात गेली, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ती २०२२ च्या मे महिन्यात उठली आणि लगेच पाडकाम सुरू झाले. सरकारचे म्हणणे निराधार होते असे मी म्हणणार नाही. जिल्ह्याचा कारभार गळक्या छताखाली चालवा असे कुणी म्हणू नये. पण जुन्याच्या शेजारी नवे बांधता येत नाही का, हा प्रश्न न्यायालयातल्या निकालानेही मिटत नाही.

चौथा निर्णय मात्र दिलासा देणारा. खुदाबक्ष ग्रंथालय १८९१ पासून लोकांसाठी खुले आहे. अरबी-फारसी हस्तलिखितांसाठी त्याचे नाव जगभर घेतले जाते. २०२१ साली उड्डाणपुलासाठी त्याच्या आवारातले कर्झन वाचनालय पाडण्याचा घाट घातला गेला. त्या वाचनालयात पिढ्यान् पिढ्या गरीब विद्यार्थ्यांनी परीक्षांचा अभ्यास केला आहे. शहरातून आणि शहराबाहेरून आवाज उठला. अखेर पूल झाला आणि वाचनालयही राहिले. अभियंत्याला थोडी रेघ वळवावी लागली, इतकेच.

या चारही निर्णयांच्या मागे काही ना काही कारण होते. मग चांगला निर्णय कोणता आणि वाईट कोणता, हे ठरवायचे कसे? मला आमच्या धंद्यातली एक साधी कसोटी सुचते. खात्यात चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. म्हणून कारकुनाच्या चुकीने आम्ही घाबरत नसू. मूळ कागदच जळाला तर मात्र सगळ्या शाखेची झोप उडे. पुरलेले वर काढता येते, हे कुम्हरारने दाखवले. हलवलेले परत नेता येते. वैशालीचा तो अस्थिकरंडक १९७२ पासून पाटणा संग्रहालयात होता. २०२५ च्या जुलैत वैशालीला नवे स्मृतिस्तूप संग्रहालय उघडले आणि करंडक आपल्या गावी परतला. पाडलेल्याची मात्र उलट नोंद होत नाही. म्हणून पाडण्याच्या कागदावर सही करणाऱ्याने इतर तिघांपेक्षा दहा पट अधिक विचार करायला हवा. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पाडकामाची मंजुरी सर्वात जलद मिळते आणि पुरातत्त्वाच्या जागेवर साधे स्वच्छतागृह बांधायचे तर फायली वर्षानुवर्षे फिरतात.

दुसरी गोष्ट पैशाची. इमारत बांधायला पैसा मिळतो, कारण तिला कोनशिला असते. चांगला मार्गदर्शक नेमणे, पंप चालू ठेवणे, उत्खननाचा अहवाल सोप्या हिंदीत छापून चार आण्याच्या किमतीत विकणे, याला कोनशिला नसते, म्हणून त्यासाठी पैसा नसतो. पाटण्याची दोन संग्रहालये जोडणारा दीड किलोमीटरचा भुयारी मार्ग सरकारने हाती घेतला. त्याचा उपयोग होईलही. पण संग्रहालयातून कुम्हरारला जायचे कसे, हे सांगणारी पाटी आम्हाला कुठे दिसली नाही. आम्ही रिक्षावाल्याच्या भरवशावर गेलो.

आणि तिसरी गोष्ट, जी आपण पर्यटक विसरतो. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी घ्यावी लागते. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीचा हा नियम आहे. नियम आवश्यकच आहे. पण बागेबाहेरचा चहावाला मला म्हणाला की, मुलाचे लग्न ठरले आहे आणि घरावर एक खोली चढवता येत नाही. अशोकाने त्याचे काय भले केले, असे त्याने विचारले असते तर मी काय सांगितले असते? ज्याच्या अंगणात इतिहास निघतो त्याच्या पदरात त्यातले काहीतरी पडले पाहिजे. तिकीटघरावरची नोकरी, दुकानाचा गाळा, निदान वेळेवर मिळणारी परवानगी. नाहीतर तो इतिहासाकडे शेजारचा भांडखोर म्हणूनच पाहणार.

हे सगळे बिहारचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. परतल्यावर आम्ही तिघे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात गेलो. तिथे सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली तो मिळाला. पाटलिपुत्राच्या मुख्य कचेरीतून निघालेले परिपत्रक कोकणच्या शाखेत पोचले, त्याची ही पोच. रोज लाखो माणसे नालासोपारा स्टेशनवर चढतात-उतरतात. त्यांपैकी कितीजणांनी जवळचा विटांचा स्तूप पाहिला असेल? तेव्हा पाटण्याला नावे ठेवायचा अधिकार आपल्यालाही फारसा नाही.

तो तुकडा आठव्या लेखाचा आहे. त्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी प्रवास करत, शिकार करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधीच्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा करू लागलो. या यात्रेत वृद्धांना भेटायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचे, त्यांना विचारायचे. प्रवास कसा करावा याबद्दल एका सम्राटाने काढलेली ही सूचना आहे.

नातीने तो दगड पाहिला, पाटी वाचली आणि म्हणाली, "म्हणजे आपण त्या चहावाल्याशी बोललो ते बरोबर केलं ना?" सौ. म्हणाल्या, "अगदी बरोबर केलं." आता कुणी "पाटण्याला काय काम होते?" असे विचारले की मी म्हणतो, साठा तपासायला गेलो होतो. गोदाम रिकामे नाही. फक्त किल्ली कुणाकडे आहे आणि झाडलोट कोण करतो, हे दर वर्षी विचारत राहायला हवे.